पोपट हाकलायला ९२ हजारांचं कोटेशन, आणि पोपट आमचाच झाला

आधी स्टार सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. कबुतराच्या जाळीला ४, पोपटाच्या कामाला शून्य, शून्याचं बटण नसतं म्हणून सरासरी काढून २. कबुतरं-पोपट हाकलायला आलेल्या कंपनीचं नाव लिहीत नाही, आमच्या अध्यक्षांनी हात जोडून सांगितलंय की बाबा नाव टाकू नको, आणि तसंही संभाजीनगरात या धंद्यात चारपाच जण आहेत, पोरं तीच, टी-शर्टवरचं नाव तेवढं बदलतं.

मी सोसायटीचा खजिनदार. म्हणजे मीटिंगला उशिरा गेलो आणि तोवर हे एकच पद उरलं होतं. सिडकोत आहे आमची बिल्डिंग, पाच मजले, ३२ फ्लॅट, २००९ चं बांधकाम. मागच्या कंपाउंडला लागून वड आहे, बिल्डिंगच्या लई आधीचा, आणि त्याच्या पलीकडं मोबाईल टॉवर. दिवाळी झाली की रोज संध्याकाळी साडेपाचला पोपट यायला सुरुवात होते, आधी पाच-सहा, मग वीस, मग असा हिरवा पट्टाच्या पट्टा ओरडत येतो आणि वडावर, टॉवरवर, आमच्या गच्चीच्या पाइपावर जागा मिळंल तिथं बसतो, आणि पाऊण तास नुसती भांडणं. मी एकदा मोजायला बसलो होतो, चारशेपर्यंत मोजले तेवढ्यात कुणाच्या तरी बाइकचा फटाका सायलेन्सर वाजला, सगळे उडाले आणि परत बसले, मग सोडून दिलं. अंधार पडला की एकदम बटण दाबल्यासारखे गप्प. सकाळी उजाडायच्या आत परत तोच गोंधळ आणि मग शहराबाहेर, शेतांकडं.

हे झाले मुक्कामाला येणारे. दुसरे म्हणजे भाडेकरू. बिल्डरनं परांची काढल्यावर मागच्या भिंतीतली भोकं बुजवलीच नाहीत, त्यात लोकांनी एसीच्या पाइपांसाठी आणखी भोकं पाडली आणि काही एसी नंतर काढले, भोकं राहिली. अशी नऊ भोकं. पोपट स्वतः भोक पाडत नाही, तांबट किंवा सुतार पक्ष्यानं झाडात केलेलं आयतं बघतो, फार तर चोचीनं थोडं मोठं करून घेतो, आणि झाडं नसली की भिंत. पोकळ झालेलं जुनं झाड म्हणजे आपल्याकडं आधी तोडायचं झाड, त्यामुळं आमच्या भिंतीला डिमांड.

आता तक्रारी. गाड्यांवर घाण, ती धुतली तरी डाग राहतात, उन्हात वाळली की पेंट उचलतो. एसीच्या पाइपावरचा काळा फोम कुरतडून त्याची भुगी पार्किंगमध्ये. ३०२ च्या मुलीची बारावी. आणि ४०२ च्या काकूंनी गच्चीवर वाळत घातलेल्या लाल मिरच्या, त्या एका दुपारीत निम्म्या फोडून बिया खाऊन गेले. काकू चकित की एवढी तिखट लवंगी खाल्ली कशी. ते पुढं सांगतो, कारण त्यात आमचे साडेसहा हजार गेलेत.

जानेवारीत (२०२५ च्या) कंपनीचा सेल्सवाला आला. शर्ट इन, टॅबलेट हातात. बोलणं असं की पोपटपंची म्हणायचं तर पोपटाचा अपमान. त्यानं आम्हाला एक व्हिडिओ दाखवला, म्हणला हे बघा सर स्पेन, माद्रिद, तिथली महानगरपालिका १२ हजार पोपट काढायली, जगभर हेच चालू आहे, तुमचं तर काम छोटं आहे. कमिटीतले सगळे माना डोलवायला लागले. माद्रिदला जे झालं ते सिडकोत होणार म्हणल्यावर कुणाला आवडणार नाही. कोटेशन ७८,०००, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ९२,०४०. प्रत्येक फ्लॅटला २,८७६ रुपये. सत्तर टक्के ॲडव्हान्स. सही माझी.

चांगलं ते आधी. जाळीचं काम खरंच नीट केलं. डक्ट आणि १४ बाल्कन्यांना नायलॉनची जाळी, चारी बाजूनं हुक मारून मधून स्टीलची तार ओढलेली, कोपरे ताणलेले, कुठं झोळ नाही. पोरं झुल्यावर लटकून काम करतात, बेल्ट वगैरे होते, घाई नाही, ड्रिल मारलेली धूळसुद्धा खाली येऊन झाडली. कबुतरं डक्टमधून गेली ती गेलीच, दहा महिने झाले. डक्टमध्ये ज्यांच्या बाथरूमच्या खिडक्या आहेत त्यांना विचारा काय फरक पडला, आता तिथं हवा येते म्हणतात. पण पोपटासाठी तीच जाळी? दोन ठिकाणी आठ दिवसात कुरतडून मूठभर भोक केलं. पोपटाच्या चोचीला नायलॉन म्हणजे शेवया. सुपरवायझरला फोटो पाठवला तर म्हणला, सर जाळी पिजनची आहे, पॅरटची वॉरंटी नाही. कोटेशनच्या पहिल्या ओळीत मग 'पोपट बंदोबस्त' कशाला लिहिलं होतं विचारलं तर ते म्हणे टायपिंग.

काटे (ते प्लास्टिकच्या पट्टीवर तारा उभ्या असतात ते) गच्चीच्या कठड्यावर लावले. कबुतराला त्यावर बसता येत नाही कारण त्याचा पाय सपाट जागेचा. पोपटाची दोन बोटं पुढं दोन मागं, शिवाय चोच तिसरा पाय म्हणून वापरतो, त्यानं तारा पकडल्या आणि आरामात बसला. एकानं तर पट्टीच उचकटून खाली टाकली.

चमकी पट्टी, लाल-चंदेरी, वाऱ्यावर फडफडते ती, ती चार दिवस चालली. आणि यात मला हसू यायचं कारण वेगळं आहे. मी अंबड तालुक्यातला, लहानपणी ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर बसून राखण करायची, गोफण, फुटका डबा, घसा फाटेस्तोर हाऽऽ हाऽऽ. आपण दगड भिरकावला की पोपटांचा थवा उठायचा आणि बांधाच्या पलीकडं चुलत्याच्या वावरात उतरायचा, मग तिकडून चुलत भाऊ डबा वाजवायचा की परत आमच्याकडं. अख्खा दिवस पोपट मधे आणि आम्ही दोन्हीकडून. इथं तेच झालं, पट्टी लावल्यावर पोपट शेजारच्या बिल्डिंगीच्या गच्चीवर, तिथल्या सेक्रेटरीचा मला फोन की तुम्ही आमच्याकडं का हाकलायलेत, आणि पाचव्या दिवशी त्यांनीही पट्टी लावली आणि थवा वापस. दोन्ही सोसायट्यांनी मिळून पट्टीवाल्याचं घर चालवलं.

मिरचीचा स्प्रे. हा माझा आवडता. 'ऑरगॅनिक बर्ड रिपेलंट' म्हणून लाल पाणी पंपानं पाइपांवर, कठड्यावर, वडाच्या खालच्या फांद्यांवर मारलं, साडेसहा हजार. दोन दिवस गच्चीवर गेलं की आपल्यालाच ठसका. पोपट मात्र त्याच पाइपावर बसून फोम चावायलेत. माझी पोरगी अकरावी सायन्सला, ती म्हणली बाबा, पक्ष्यांना मिरची तिखट लागतच नाही, ज्यामुळं आपल्या जिभेची आग होते ते त्यांच्याकडं आपल्यासारखं कामच करत नाही, मिरचीच्या झाडाला बी लांब न्यायला पक्षी पाहिजेत म्हणून तिखट ठेवलंय ते उंदरासारख्या दात असलेल्यांसाठी. तेव्हा मला काकूंच्या लवंगी आठवल्या. म्हणजे पुरावा गच्चीवर पडलेला होता, तरी मी बिल पास केलं.

आणि ते मशीन. अल्ट्रासोनिक. दोन डबे, हिरवी लाइट, 'कानाला न ऐकू येणारा आवाज, पक्षी शंभर फुटात येत नाही'. ऐकू येणार नाही हे खरं आहे, पण कुणाला? माणूस तरुणपणी २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो, आणि अल्ट्रासोनिक म्हणजे त्याच्या वरचं. पोपटाचा कान आठ-दहा हजारालाच जवळपास संपतो. म्हणजे आपल्याला ऐकू येत नाही तिथं त्याला तर आणखीच नाही. दुखणं म्हशीला, इंजेक्शन पखालीला. तिसऱ्या दिवशी एक पोपट त्या डब्यावरच बसून पंख साफ करत होता, फोटो आहे माझ्याकडं. फरक पडला तो तिसऱ्या मजल्यावरच्या कुत्र्याला, त्याचा कान आपल्यापेक्षा वरचा, ते बिचारं बाल्कनीत यायचंच बंद झालं. डबे काढल्यावर परत यायला लागलं. लेझरचं पण बोलत होते, हिरवं लेझर संध्याकाळी झाडावर फिरवायचं, त्याला मीच नको म्हणलो कारण चिकलठाणा विमानतळ इथून जवळ, विमानं आमच्या डोक्यावरून उतरतात, पायलटच्या डोळ्यात लेझर गेलं तर पोपट राहिला बाजूला, पोलीस घरी.

इथपर्यंत सगळं पैशाचं होतं. पैसे गेले की चार शिव्या देऊन माणूस विसरतो.

२० फेब्रुवारी, गुरुवार. मी वाळूजला कामावर. साडेअकराला सुपरवायझरचे नऊ फोटो व्हॉट्सॲपला, प्रत्येक भोकात पिवळा फोम भरलेला, फुगून बाहेर आलेला, खाली मेसेज 'ऑल होल सील, काम डन सर'. मी मीटिंगमध्ये होतो. अंगठा टाकला. तो अंगठा अजून चॅटमध्ये आहे, डिलिट केलेला नाही.

संध्याकाळी सातच्या आत घरी आलो तर पार्किंगमध्ये तीन-चार जण वर बघत उभे. दुसऱ्या मजल्याच्या वर, भोकाला एक नर लटकलेला, गळ्यात गुलाबी-काळी रेघ असते तो, आणि तो फोम उपसत होता. पिवळे तुकडे खाली पडत होते, शेवेच्या चुऱ्यासारखे, माझ्या गाडीच्या बोनेटवर पण. दोन-चार चोची मारायचा, थांबायचा, मान वाकडी करून भोकाला कान लावल्यासारखं करायचा, परत सुरू. बाकीचा थवा वडावर बसून नेहमीसारखा भांडत होता. २०२ च्या आजी खुर्ची टाकून बसल्या होत्या, म्हणल्या, "दुपारधरनं तसाच आहे बघा, पाण्याला सुद्धा गेला नाही. आत लेकरं असतील त्याची." मी सुपरवायझरला फोन लावला. "सर चेक करके भरा है, अंदर कुछ नही, आप टेन्शन नक्को लो." मी टेन्शन नाही घेतलं. जेवलो, झोपलो. हे लिहायला नको वाटत होतं, पण अर्धवट रिव्ह्यू लिहिण्यापेक्षा न लिहिलेला बरा.

सकाळी ३०४ मधल्या सरांचा फोन, बाथरूमच्या एक्झॉस्टच्या मागून आवाज यायलाय. गेलो, भिंतीला कान लावला. बारीक, किर्र किर्र, घड्याळाच्या चावीसारखा, मधे थांबायचा. मग मात्र १९२६ लावला. (वन विभागाचा हॅलो फॉरेस्ट नंबर आहे हा, फोनमध्ये ठेवा, साप निघाला तरी कामाला येतो.) कंपनीच्या पोराला मी वेगळा फोन केला, सुपरवायझरला न सांगता, झुल्यावर लटकणाऱ्या पोराला. तो तासाभरात आला, स्वतःच्या बाइकवर, दोरी घेऊन. वन विभागाचे दोघं जण दुपारी आले तोवर त्यानं तीन भोकं ब्लेडनं कापून मोकळी केली होती.

३०४ च्या मागच्या भोकात तीन पिल्लं आणि एक अंडं. पोरानं मोबाईल आत घालून फोटो काढला. पिल्लू म्हणजे आपल्याला वाटतं हिरवं गोंडस, तसं नसतं. अंगावर पिसं कमी आणि हिरव्या काड्याच जास्त, मधे गुलाबी कातडी दिसते, डोळे नुकते उघडलेले, चोच मात्र पूर्ण पोपटाची आणि डोक्याच्या मानानं लई मोठी. एकाच्या पाठीला फोम चिकटलेला, तो त्यांनी हातानं, थोडं थोडं करून काढला, काही पिसांच्या काड्या त्याबरोबर आल्या. अंडं गार होतं. नऊपैकी पाच भोकात संसार निघाला. चारात सगळी जिवंत. एकात फोम पार आतपर्यंत गेला होता, तिथं दोन पिल्लं होती ती गेली. झुल्यावरचा पोरगा खाली उतरून टाकीजवळ बसून राहिला, चहा दिला तर नको म्हणला. भरलं त्यानंच होतं, सांगितलं कुणी हा प्रश्न आहे.

वन विभागाच्या माणसानं माझा जबाब लिहून घेतला आणि शांतपणे कायदा सांगितला. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, त्यात 'शिकार' या शब्दाचा अर्थ नुसता बंदुकीनं मारणं नाही, पक्ष्याची अंडी फोडणं, अंड्यांना नाहीतर घरट्याला त्रास देणं हे सुद्धा शिकारच. आपला साधा पोपट २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत आहे. वर्क ऑर्डरवर सही माझी, व्हॉट्सॲपवर अंगठा माझा, म्हणजे अंबडचा मी शाकाहारी माणूस कागदोपत्री शिकारी झालो. ३०४ चं लहान पोरगं तेवढ्यात विचारतंय, काका एक पिल्लू मी ठेवू का, मिठू मिठू शिकवतो. त्याला पण सांगितलं, पिंजऱ्यात ठेवणं हाही गुन्हाच. आपल्याकडं अर्ध्या गल्लीला हे माहीत नाही, आजीच्या काळापासून ओट्यावर पिंजरा असतो आणि त्यात पेरूची फोड.

पिल्लं होती तिथंच ठेवली. ते म्हणले हात लावला म्हणून आईबाप टाकून देतात हे खोटं आहे, तुम्ही फक्त खालून गर्दी हटवा. पंचवीस मिनिटात तो नर आला. फोमचे पिवळे कण त्याच्या चोचीला तसेच होते.

त्या रात्री मी बसून ते माद्रिदचं वाचलं, जे सही करायच्या आधी वाचायला पाहिजे होतं. पहिली गोष्ट, सेल्सवाल्यानं दाखवलेला पोपट आपला नव्हताच. तो राखाडी छातीचा, मंक पॅराकीट म्हणतात, मूळ दक्षिण अमेरिकेतला. तिकडं लोकांनी पाळायला नेला, कंटाळून सोडला, आणि तो भोकात राहत नाही, काटक्या आणून झाडावर, टॉवरवर, विजेच्या खांबावर घर बांधतो, एका घराला अनेक खोल्या, दरवर्षी वर मजला, ते खाली पडलं तर माणसाला लागंल एवढं जड होतं. माद्रिदला २०१९ मध्ये ते १२ हजारांच्या घरात होते म्हणून त्यांनी कमी करायची योजना जाहीर केली, २९ लाख युरोच्या आसपासची. स्पेनमधल्याच झारागोसा शहरात तर एअर रायफलीनं मारून संपवले. इंग्लंडनं पण त्याच जातीच्या मागं लागून अडीच लाख पौंडांच्या वर घालवले आणि पकडले किती, ६२. खजिनदार असल्यामुळं भागाकार केल्याशिवाय राहवत नाही, एका पोपटाला चार हजार पौंडांच्या वर पडले, शंभर रुपयाला पौंड धरला तरी चार लाख. त्या हिशोबात आमची कंपनी स्वस्त म्हणायची.

आपला पोपट पण तिकडं आहे, ते वेगळं. आमच्या साडूचा पोरगा लंडनला असतो, तो रिचमंड पार्कातला फोटो पाठवतो, पानं झडलेलं झाड आणि त्यावर आपले हिरवे राघू, खाली लिहितो काका तुमच्या वडावरचे इकडं आले. पाळायला नेलेले सुटले आणि वाढले, तिथं १९६९ पासून पिल्लं काढायलेत. युरोपातल्या या पोपटांची डीएनए तपासणी केली तर बरेचसे पाकिस्तान आणि उत्तर भारताकडच्या मुळाचे निघाले. आणि तिथं त्यांचा त्रास खरा आहे, ते नाकारत नाही मी. स्पेनमध्ये सेव्हिल नावाचं शहर आहे, तिथल्या बागेत जुन्या झाडांच्या ढोलीत एका दुर्मिळ जातीची मोठी वटवाघळं राहतात, आपल्या राघूंनी त्यांना चावून, मारून ढोल्या घेतल्या, १४ वर्षांत वटवाघळं असलेली झाडं ८१ टक्क्यांनी कमी झाली. सेशेल्स बेटांवर त्यांचा स्वतःचा काळा पोपट फक्त तिथंच आहे, त्याच्या जिवावर उठंल म्हणून त्यांनी आपला पोपट शोधून शोधून साडेपाचशेच्या आसपास मारला आणि २०१९ मध्ये संपला म्हणून जाहीर केलं. एका बेटावर साडेपाचशे पक्षी, त्याला पाच-सहा वर्षं गेली. आणि आमचा सेल्सवाला म्हणत होता पंधरा दिवसात पोपटमुक्त सोसायटी. शिवाय तिकडं तो बाहेरून आलेला. सिडकोत बाहेरून आलेले आम्ही, वड आणि राघू आधीचे.

मग कमिटीची मीटिंग झाली, त्यात एक जण म्हणला वडच छाटू, मुळावरच घाव. त्याला सांगितलं की शहरातल्या झाडाला १९७५ चा वेगळा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि एका कायद्यात मी अडकलोय तेवढं पुरे.

शेवटी जे कामाला आलं ते सगळं कंपनीच्या बाहेरचं आणि स्वस्त. एप्रिल-मेपर्यंत पिल्लं उडून गेली. जुलैमध्ये आमचा नेहमीचा मिस्त्री बोलावला. आधी प्रत्येक भोकात वर्तमानपत्राचा बोळा हलका सारून ठेवला, आत कुणी असलं की तो बाहेर ढकलतात, तीन दिवस बोळे जागेवर राहिले म्हणजे भोक रिकामं. मग आत जीआयची जाळी दाबून वर सिमेंट. आठ भोकं, मजुरीसकट ४,३०० रुपये. फोम त्यांना पावासारखा आहे, सिमेंट आणि लोखंडापुढं चालत नाही. एसीच्या पाइपांना वरून पीव्हीसीची केसिंग घातली, ज्याचा एसी त्याचा खर्च, फोमची भुगी बंद. वडाखालच्या पार्किंगच्या तीन जागा गच्चीच्या पाण्याच्या टाकीकडच्या बाजूला सरकवल्या आणि वडाखाली आता सायकली आणि कचऱ्याची गाडी. ४०२ च्या काकू मिरच्या जुन्या मच्छरदाणीखाली वाळवतात. आणि गच्चीवर रोज शेंगदाणे टाकणारे एक काका होते (आमच्याच बिल्डिंगचे, तक्रारीच्या अर्जावर त्यांची पण सही होती!) त्यांना आजींनी समजावलं, मी बोललो असतो तर भांडण झालं असतं.

संध्याकाळचा आवाज? तो आहे. पाऊण तास. त्याला औषध नाही, दिवाळी ते उन्हाळा तेवढा वेळ ३०२ ची मुलगी समोरच्या खोलीत बसायची, बारावी झाली तिची, ७८ टक्के पडले, पोपटामुळं कमी पडले असं तिची आई म्हणते आणि मोबाईलमुळं असं वडील.

पैशाचं सांगायचं राहिलं. उरलेले २७,६१२ मी अडवून धरले. त्यांनी वकिलाची भाषा केली, मी जबाबाच्या कागदाचा फोटो पाठवला, भाषा बदलली. जाळीचं काम चोख होतं म्हणून १५,००० देऊन विषय मिटवला, बाकीचे सोडले त्यांनी. कुरतडलेली जाळी फुकट बदलून दिली नाही, तिथं आम्ही मिस्त्रीकडून पातळ लोखंडी जाळी मारून घेतली. झुल्यावरचं पोरगं आता तिथं काम करत नाही, स्वतःचं जाळीचं काम करतं, आमच्या शेजारच्या बिल्डिंगचं त्यानंच केलं. चौरस फुटाला चार रुपयानं स्वस्त, आणि पोपट म्हणलं की सरळ सांगतं, जुलैत बोलवा.

तर ज्यांना कबुतराची जाळी मारायचीय त्यांनी या कंपनीला बोलवायला हरकत नाही, फक्त कोटेशनमध्ये जाळी सोडून जे जे लिहिलं असंल त्यावर आडवी रेघ मारा आणि ॲडव्हान्स तीस टक्क्यांच्या वर देऊ नका. पोपटासाठी, मशीन-बिशीन, स्प्रे, फोम, कुणाकडूनच नको. जानेवारी ते मे तर भोकाला हातच लावू नका, आत कोण आहे ते झुल्यावरच्या पोराला बाहेरून दिसत नाही.

नववं भोक राहिलंय. त्यात ड्रेनेजचा जुना पाइप आहे, प्लंबरशिवाय बुजवता येत नाही आणि प्लंबर जुलैभर आला नाही. मागच्या आठवड्यापासून एक जोडी तिथं येऊन बघायली, मादी आत जाते, नर बाहेर पाइपावर. त्यामुळं आता पुढच्या जुलैला. तोवर २०४ वाल्यांना त्या बाजूचा एक्झॉस्ट बंद ठेवायला सांगितलंय, त्यांनी मेन्टेनन्समध्ये सूट मागितली आहे.